बासष्ट लिटर

म्हाताऱ्या मूसाबेने टाकीतून लाकडी पट्टी बाहेर काढली, ओली खूण उन्हात धरून नीट पाहिली आणि म्हणाला, "बासष्ट."

"परत बुडवा," सुकाणूपाशी उभी असलेली शहीमा म्हणाली. "काटा अर्धी टाकी दाखवतोय. अर्धी म्हणजे शंभर."

"तुझा काटा थापाड्या आहे, पोरी."

त्याने परत बुडवली. बासष्टच.

बेटावर पेट्रोलचा थेंब नव्हता. समुद्र खवळलेला, त्यामुळे मालेहून येणारा पेट्रोलचा मालवाहू पडाव चार दिवस आलाच नव्हता. बेटावरच्या बाकीच्या दोन्ही बोटी वऱ्हाड घेऊन गेलेल्या, परत यायला दुपार होणार. आणि सकाळीच बातमी घरोघर पोहोचली होती, की वहीदच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि मूल पायाळू आहे. नर्सने स्पष्ट सांगितलं होतं: इथे जमणार नाही, दोन तासांत ऑपरेशन झालं तर दोघं वाचतील. मोठं हॉस्पिटल अठ्ठावीस मैलांवर.

"मैलाला दोन लिटर," शहीमा म्हणाली. "छप्पन लागणार. सहा उरतात."

"तळाचे चार नळीच्या तोंडाशी येतच नाहीत."

"मग दोन उरतात. सोडा दोर."

मूसाबेचा जन्म मासेमारीच्या लाकडी धोणीवर गेला होता. दोन इंजिनांचं हे जनावर त्याच्या हाताला लागत नव्हतं. शहीमाने सहा वर्षं चालवलं होतं. गेले तीन महिने मालकाने तिला घरी बसवलं होतं, पण किल्ली कुठे टांगलेली असते ते तिला ठाऊक होतं. वजन नको म्हणून बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, जादा साखळी सगळं धक्क्यावर उतरवलं. सुईण नफीसामावशी शेवटी चढली. एकूण चार माणसं, आणि मागे ताडपत्रीच्या सावलीत एक गादी.

"हळू घे जरा. पेट्रोल वाचेल," मूसाबे म्हणाला.

"हळू घेतलं तर नाक वर करून नुसतं पाणी ढकलत बसेल. दुप्पट पिईल. एकदा पाण्यावर चढू दे तिला."

बोट उसळली, पाण्यावर चढली. शहीमाने दोन्ही इंजिनांच्या फेऱ्यांचे काटे अडतीसशेवर आणून ठेवले आणि हात तिथेच रोवला. आता ना पुढे, ना मागे.

मागे गादीवर कण्हणं सुरू झालं. नफीसामावशी ओला फडका घेऊन गेली, कपाळावर ठेवून आली.

"कसं काय?" शहीमाने समोरची नजर न हलवता विचारलं.

"पोटात काही ठरत नाही. चेहऱ्याचा रंग गेलाय. पहिली खेप, असं होतंच."

"म्हणावं, पोहोचतोय."

"तू पुढे बघ, बाई."

मावशी घड्याळ बघत तिच्याजवळच थांबली. बोलता बोलता शहीमा मध्येच गप्प व्हायची. बोटं सुकाणूवर पांढरी पडायची, नजर काट्यावर खिळायची. मग एक लांब श्वास सोडून विचारायची, "किती?"

"नऊ मिनिटं," मावशी सांगायची.

"छप्पन," मूसाबे सांगायचा. त्याच्या पट्टीला दोन बाजू होत्या. एकीवर उभ्या बोटीच्या खुणा, दुसरीवर धावत्या बोटीच्या.

मग आठ मिनिटं. मग सात. बेटांची रांग मागे पडली आणि खुल्या समुद्राचा प्रवाह तोंडावर आला. लाटा खालून बुक्के मारू लागल्या. अर्धी वाट संपली तेव्हा मूसाबे पट्टीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"बोला."

"एकोणतीस."

"चौतीस हवे होते."

"पाच लिटर प्रवाहाने खाल्ले."

चौदा मैल राहिले होते. म्हणजे अठ्ठावीस लिटर, आणि तळाचे चार वेगळे. मागचं कण्हणं थांबलं होतं.

"प्रवाळाच्या आतून घे," मूसाबे म्हणाला. "आत पाणी परातीसारखं सपाट. निम्मं ओझं कमी होईल."

"वाट अरुंद आहे. तळ फाटला तर?"

"चाळीस वर्षं पाण्यात बघूनच पोट भरलंय. मी पुढे उभा राहतो, तू फक्त माझा हात बघ."

तो टोकाला जाऊन उभा राहिला. त्याच्या वजनाने नाक तेवढं खाली बसलं. हात डावीकडे, बोट डावीकडे. हात उजवीकडे, बोट उजवीकडे. दोन्ही बाजूंना तपकिरी खडक हाताच्या अंतरावरून सरकत होते.

"पाच मिनिटं," न विचारता मावशी म्हणाली आणि तिने शहीमाच्या पाठीवर तळवा ठेवला.

"त्या बाळाला म्हणावं, दम धर," मूसाबे मागे न बघता ओरडला.

"बाळ कुणाचं ऐकतंय," शहीमा म्हणाली आणि चक्क हसली.

हॉस्पिटलचा पांढरा धक्का दिसला तेव्हा टाकीत पाच होते. त्यातला एकच कामाचा.

"आता उतरव वेग. बंदर आलं," मूसाबे म्हणाला.

"वेग उतरवताच नाक आधी खाली आदळणार, पेट्रोल पुढे वाहणार, मागची नळी कोरडी. नाही उतरवत."

बंदरातले लोक हात हलवून शिव्या घालू लागले. कुणीतरी शिट्टी फुंकली. शहीमाने दोन नांगरलेल्या धोण्यांमधून बोट तशीच आत घातली. धक्का शंभर हातांवर असताना डावं इंजिन खोकून बंद पडलं. मग उजवं. त्या शांततेत बोट आपल्याच ओघाने सरकत आली आणि टायरांना अलगद टेकली.

मूसाबेने दोर फेकला. "या समुद्रात म्हातारा झालो," तो म्हणाला, "पण असं कुणी आणलेलं पाहिलं नाही." सुकाणूवर कपाळ टेकून शहीमा श्वास मोजत होती.

दोन नर्स स्ट्रेचर घेऊन बोटीत उतरल्या, थेट मागे गेल्या आणि त्यांनी गादीवरची चादर दूर केली.

"मला कुठे नेताय?" वहीद कसाबसा उठून बसत म्हणाला. "मला नुसती बोट लागते. बायको तिकडे सुकाणूपाशी उभी आहे."