यंदाचं गाणं

सरस्वतीने भांडी घासलेलं राखेचं पाणी मुद्दाम शेजारच्या सकूबाईच्या अंगणाकडे लोटलं. मधल्या काटक्यांच्या कुडाखालून ते पलीकडे गेलं आणि गौरीसाठी पहाटे सारवलेल्या अंगणावर पसरलं. रिकामी बादली कमरेला लावून सरस्वती कुडाशी उभी राहिली. तिला शिव्या हव्या होत्या.

शेणवे गावच्या त्या पाड्यात गौरीच्या रात्री बायका फेर धरतात आणि फेराला दरसाल नवं गाणं लागतं. गाणं जी आणेल ती पुढे, बाकीच्या तिच्या मागे. वर्षानुवर्षं पुढे सरस्वतीच. गाणी तिला गौरच सुचवते असं बायका म्हणायच्या, आणि तीही मान खाली घालून ऐकून घ्यायची, लबाड कुठली. तिला गाणी सुचवायचं ते सकूबाईचं तोंड. सकूबाई चिडली की शिव्यासुद्धा ठेक्यात द्यायची. गेल्या साली सरस्वतीच्या बकरीने तिचा दोडका खाल्ला, तेव्हा हात नाचवत ती म्हणाली होती, "खाल्ला वेल, खाल्लं फूल, आता खा गो माजी चूल!" सरस्वतीने राग गिळला, शब्द तेवढे उचलले. रात्री सगळा पाडा त्यावर नाचला. सकूबाईची सून नम्रतासुद्धा नाचली. सकूबाई तेवढी फेराबाहेर उभी राहून आपलेच शब्द ऐकत होती.

त्या रात्रीपासून सकूबाई सरस्वतीशी गोड बोलायला लागली. वर्ष झालं, वाकडा शब्द नाही. सरस्वतीच्या जिवाला घोर लागला. आज संध्याकाळी गौर येणार आणि गाण्याचा पत्ता नाही. देवळात बसून झालं, ओढ्याकाठी बसून झालं. सकाळी सून अक्षदा सहज म्हणाली, "आई, नसंल सुचत तर ऱ्हाऊ द्या. स्पीकर लावू." ते सरस्वतीला फार लागलं. म्हणून ती बादली.

सकूबाई ओट्यावर अळूची पानं पुसत बसली होती. पाणी तिच्या पायरीपर्यंत आलं.

"पानी आलं काय गो तुझ्याकडं?" सरस्वतीने विचारलं.

"आलं की. येऊ दे. तुळशीला बरं."

सरस्वतीने दात चावले. कुडावर सकूबाईच्या काकडीचा वेल चढला होता. तिने तो मुळापासून ओढला आणि पलीकडे भिरकावला.

"माज्या कुडावर कशाला चढवतेस?"

सकूबाईच्या गळ्याची शीर वर आली. आता येणार, सरस्वतीला वाटलं. पण सकूबाईने आवंढा गिळला. "काकड्या घेऊन जा. कोवळ्या हायत. निवदाला व्हतील."

मग सरस्वती बोलू नये ते बोलली. सकूबाईचा मुलगा संदेश भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला होता आणि बायकोला इथे ठेवून महिनोन् महिने गावाकडे फिरकत नव्हता. पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, तोंडावर कुणी काढत नसे.

"संदेश गौरीलापन येत नाय ना गो? तिकडंच दुसरं घर केलं म्हनतात."

सकूबाईचे हात थांबले. घरात नम्रता पोळपाटावर काहीतरी लाटत होती, तो आवाजही थांबला. सरस्वतीने कान टवकारले, श्वाससुद्धा रोखला.

"टाइम नसंल त्याला," सकूबाई म्हणाली, आणि पुढचं पान उचललं.

सरस्वतीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभराचं सगळं एकदम तोंडाशी आलं. तिने बादली आपटली आणि कुडावर थापा मारत सुटली, "बसतेस काय, बघतेस काय, तोंडात तुज्या जीभ नाय काय? पानी सोडलं दारात तुज्या, उठायला तुला पाय नाय काय? दगड हायस काय, धोंडा हायस काय, भांडायला तुला जीव नाय काय?"

ती धापा टाकत थांबली.

सकूबाईने अळूचं पान बाजूला ठेवलं. तिचा उजवा पाय ओट्यावर हळूहळू पडायला लागला. एक थाप, दुसरी थाप. डोळे मिटून ती पुटपुटली, "बसतेस काय, बघतेस काय..." मग तिने मांडीवर हात मारला आणि ओळ पुन्हा म्हटली, या वेळी सुरात. तो ठेका सरस्वतीला चांगला कळत होता.

"नम्रता," सकूबाईने घरात हाक दिली, "समद्या बायांना सांगून ये गो. यंदाचं गानं गावलं."

नम्रता पिठाच्या हातांनी दारात आली. तिने सरस्वतीकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचून पायरी उतरली.

सरस्वतीने तोंडावर हात ठेवला होता. सकूबाईने वर्षाने प्रथमच तिच्याकडे धड नजर लावून पाहिलं.

"थांबलीस का गो?" ती म्हणाली. "अजून एक कडवं पायजे."