यादी रिकामी करणारी ओळ

मोठ्या पडद्यावर बत्तीस नावं उमटली, आणि सुलास्त्रीच्या हातातला क्लेपोन, गूळ भरलेला तांदळाचा गोळा, तोंडाशी जाता जाता थांबला. तिथे एकही नाव दिसायला नको होतं.

पुढे बसलेले जिल्हा बॅडमिंटन संघाचे लोक टाळ्या वाजवत होते. पडद्याशी वेनिंग उभी होती. चोवीस वर्षांची, पदवीधर, ऑफिसात येऊन जेमतेम आठ महिने झालेली. कोणाची लढत कोणाशी, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिचा. आज तो नीट चालला की नव्या गटाची प्रमुख तीच होणार, हे मलांग शहरातल्या त्या ऑफिसात चहावाल्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. सुलास्त्रीला तिथे अकरा वर्षं झाली होती.

पोरीचं सगळंच तिला खुपायचं. तिचं रेखीव कोडिंग, तिचं ऊठसूट 'ताई, ताई' करणं, हार्दोनोसाहेबांनी तिच्या टेबलाशी थांबून गप्पा मारणं. सुलास्त्री मागून आणलेल्या पुस्तकांवर, दोन लेकरं सांभाळत शिकली होती. तिच्या टेबलाशी साहेब थांबायचे, ते प्रिंटर अडकला की.

खेळाडूंच्या नावांचा अ‍ॅरे, म्हणजे बत्तीस खणांची यादी, सुलास्त्रीचा प्रोग्रॅम तयार करायचा आणि वेनिंगच्या कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे तिच्या प्रोग्रॅममधल्या सुरुवातीची जुळणी करणाऱ्या भागाच्या, हाती द्यायचा. त्यातून वेनिंगचा लढतींचा तक्ता उभा राहायचा. पण पोरीने आलेल्या यादीची स्वतःपुरती नक्कल करून घेतली नव्हती. नक्कल नाही म्हणजे यादी एकच, दोघींनी धरलेली. इकडून पुसली की तिकडेही पुसली जाणार. सुलास्त्रीला हे आठवड्यापूर्वीच दिसलं होतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. जीभ उचलली नाही.

उलट काल दुपारी तिने आपल्या भागात एक ओळ टाकली. यादी देऊन झाली की सगळे खण रिकामे करायचे. कुणी विचारलंच असतं तर उत्तर तयार होतं. यादी माझी, काम झालं, आवरून ठेवली. आवराआवर करणाऱ्या बाईला कोण बोलणार?

आणि आता ही बत्तीसच्या बत्तीस नावं. पोरीने सकाळी येऊन नक्कल करून घेतली होती, दुसरं काय.

संघाचे लोक खूश होऊन गेले. साहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं आणि वेनिंगचं नाव घ्यायला तोंड उघडलं. ती मध्येच बोलली.

"साहेब, आधी एक सांगू? सकाळी चालवून बघितलं, तर माझा तक्ता कोरा आला. चूक माझी होती. ताईंनी काल एक ओळ टाकली नसती तर ती चूक मला कळलीच नसती. ऐन स्पर्धेत खेळाडू कोर्टवर आणि तक्ता कोरा, अशी शोभा झाली असती. प्रमुख करायचं तर त्यांना करा."

सगळ्या माना सुलास्त्रीकडे वळल्या. क्लेपोन अजून हातातच होता, आणि त्यातला गूळ बोटांवर ओघळला होता. साहेब तिच्याकडे असे बघत होते, जणू ती आजच कामाला लागली होती. अकरा वर्षं ही बाई गप्प बसून राहिली, असं काहीतरी ते म्हणाले. मग त्यांनी अगदी कौतुकाने विचारलं, "पण बाई, ती ओळ तुम्हाला सुचली कशी?"

चार-पाच उत्तरं तिच्या जिभेवर आली. सगळी गुळगुळीत, सगळी साहेबांना आवडतील अशी. समोर वेनिंग उभी होती, पापणीही न हलवता.

"हिच्यावर जळत होते," सुलास्त्री म्हणाली. "त्यातून सुचली."

खोलीत हशा उसळला. साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

एकटी वेनिंग हसली नाही. तिने आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि ताई येऊन बसेपर्यंत धरून ठेवली.