वैशाखातलं पाणी

बिरशाच्या रानात नदी दरीत शिरते, तिथं काठावर डोमाजीचं घर होतं. आषाढ लागला की तिथं पाऊस हटत नसे, थंडीत दुपारपर्यंत धुकं उठत नसे, आणि वैशाखात मात्र पात्रात नुसती तापलेली वाळू उरे.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोनं, अनुसयेनं, धानाच्या रोवणीहून परतताना पलीकडून हाक मारली होती.

"डोंगा आना जी, पानी वाढून राह्यलं!"

"थांब थोडी, पाऊस उतरू दे," म्हणत त्यानं होडीकडे न जाता विडी पेटवली. पाऊस उतरला तेव्हा पलीकडे कोणीच नव्हतं.

यंदा वैशाखात, भर दुपारी, तीच हाक पुन्हा आली.

अंगणात मिरच्या वाळवणाऱ्या सुनेला, खुशीला, काहीच ऐकू आलं नाही. "बाबा, कुठं चालले?"

"येऊन राह्यलो," डोमाजी पलीकडे बघत ओरडला आणि कोरड्या पात्रात उतरला.

पहिल्याच पावलाला घोट्यांना गार पाणी लागलं. चार पावलांत ते कमरेवर चढलं.

"बाबा, उन्हात काहून जाता? वाळू पोळते, चप्पल तरी घाला!" काठावरून खुशी म्हणत होती.

पाणी छातीला भिडलं, तेव्हा डोमाजीच्या मनात आलं, अनुसयेलाही ते इतकंच गार लागलं असेल.