खाली दुकान, वर घर

"काय ऐकायला येतं?" विनिताने विचारलं.

"काय नाय," शांता म्हणाली.

घराचा आराखडा काढणारी विनिता खूश झाली. "म्हटलं होतं ना काकी! खाली दुकान, वर घर, पण दुकानाची कटकट घरात नाही."

शांता जिथे उभी होती ते उद्याचं स्वयंपाकघर. उघड्या चिऱ्याच्या भिंती, चौकट नसलेली खिडकी, खिडकीत डिचोलीचा बाजार. खालच्या नव्या गाळ्यात तिचा नवरा विठ्ठल टेलर पायमशीन मांडून फडकं शिवत होता. रिक्षात घालून मशीन आणवलं होतं शांतानेच. ते इथे चालवून बघायचं, मगच या घराला होकार. विठ्ठल कधीच हो म्हणून बसला होता. ती नाही.

जुन्या घरात मशीन पडवीत, चूल पाठीमागे.
मधे एक कुडाची भिंत.
मशीन थांबलं की शांता डोकावायची.
गेल्या गणेशचवथीला शिवणाच्या गर्दीत थांबलं, तेव्हा ती टोपात फिरवत असलेल्या डावासकट धावली. विठ्ठलचं कपाळ कापडावर टेकलेलं. घामाने ब्लाऊजपीस भिजलेला. साखर उतरली होती. तिने चिमटीने साखर तोंडात घातली, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"ही हवेची वाट," विनिता भिंतीतलं चौकोनी तोंड दाखवत होती. "दुकानातली गरम हवा इथून वर चढणार, छपरावरून बाहेर. एसी नको, दिवसा पंखाही नको. हवेबरोबर आवाज आला असता, म्हणून आत काथ्या भरलेल्या फळ्या बसवल्या."

"आवाज नको म्हणान कोणी सांगल्यान तुका?"

"सगळ्यांनीच. शेजारची दिपाली तर..."

"माका इचारलस?"

विनिताचा जाळीवरचा हात खाली आला.

"बाय गो, तेचा मशीन थांबला तर माका कळाक होया. दुसरा काय एक नको. खिडकी नसली तरी चलात."

विनिताने खिडकीतून बाहेर बघितलं, मग त्या चौकोनाकडे. हा चौकोन तिने किती वेळा कागदावर काढला होता. सुताराचा स्क्रूड्रायव्हर कोपऱ्यात पडला होता. तो उचलून तिने स्वतःच जाळी काढली, हात आत घातला. एक फळी ओढली. ड्रेसवर काथ्याचा भुसा. दुसरी.

आधी वारा आला. त्याला मशीनच्या तेलाचा वास होता.
मग

खड खड खड खड

"गो शांता!" भिंतीतून विठ्ठल ओरडला. "आणि किती शिवू? ह्या फडक्याची चाळण झाली!"

"शिवत ऱ्हवा गप!" शांता चौकोनात तोंड घालून ओरडली.

"जिता आसंय की नाय बघूक बसलस?"

"होय तर!"

खाली हसणं. मग पुन्हा

खड खड खड खड खड

मग नाही.

विनिता काही बोलणार होती. शांताने हात वर केला. वारा तेवढा येत होता. शांता जिन्याकडे वळली, पहिल्या पायरीवर पाय टाकला, आणि भिंतीत कुणीतरी खाकरलं. कात्री कचकन वाजली.

खड खड खड

शांता परत आली. साडीचा काठ झटकला. पहिल्यांदाच तिने त्या खोलीवर नीट नजर फिरवली, जमिनीवर, कोपऱ्यांवर, ओट्यासाठी मारलेल्या खडूच्या रेघांवर.

"चूल हय घाल," ती म्हणाली. चौकोनाला लागून.

"तिथे? पण काकी, खिडकी पाठीमागे जाते. उजेड तिकडे आहे."

शांताने ऐकलं नाही. खिडकीकडे पाठ करून, भिंतीच्या अगदी जवळ ती उभी राहिली होती, मान किंचित कलती. आणि तिचा उजवा हात, तिच्या नकळत, समोर नसलेल्या टोपात डाव फिरवत होता.