नॉमिनी: आई

तन्मय दाभाडेचा लॅपटॉप वाचला. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून तो एकदाही तापला नाही.

त्या कार्डाच्या वॉरंटी फॉर्मवर नॉमिनीचा रकाना होता. बँकेत लिहितो तसं, न वाचताच, तन्मयने आईचं नाव लिहिलं. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ कितीही एडिट केले तरी कार्ड गारच राहायचं आणि ताप स्वयंपाकघरात आईला चढायचा.

“आज कोणाचं लग्न लावतोयस रे?” आई म्हणाली. “पोळी माझ्या पाठीवर टाकलीस तर फुगेल.”

घाबरून त्याने लॅपटॉपच्या पंख्याचा वेग पूर्ण वाढवला. तो पंखा हललाही नाही. आईचा श्वास मात्र एका लयीत घरघरू लागला आणि ताप उतरला.

त्याने कार्डाच्या कंपनीला फोन लावून आईचं सगळं सांगितलं. “लॅपटॉप बंद करू का?”

“नको हो,” पलीकडची बाई मायेने म्हणाली, “पंखा थांबेल ना त्यांचा.”

बॅटरी वीस मिनिटं टिकायची आणि उद्या गुरुवार, दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाण्याचा दिवस. तन्मयने वीज कार्यालयाला अर्ज लिहिला: ‘आमच्या घरची वीज यापुढे कधीही जाऊ नये, ही नम्र विनंती.’