दुकान वाढवलं

“तुम्ही गेल्यावर दुकान कोण बघणार?” काचेपलीकडच्या मुलीने विचारलं.

विठ्ठलराव याच प्रश्नाची वाट बघत होते. गोऱ्या साहेबाने तो इंग्रजीत विचारला होता आणि त्याच्या शेजारच्या या मुलीने मराठीत करून सांगितला होता. मुंबईच्या वकिलातीत, त्या खिडकीपुढे, विठ्ठलराव आणि नलिनीबाई व्हिसासाठी उभे होते. मुलगा पियूष अमेरिकेत, नात जुईली तिकडेच जन्मलेली. तिला बघायला सहा महिने जायचं होतं. म्हणजे नलिनीबाईंना जायचं होतं.

विठ्ठलरावांना मुळीच जायचं नव्हतं. पुण्याजवळ उरवड्याच्या रस्त्यावर त्यांचं किराण्याचं दुकान. कारखान्याची पाळी सुटली की गिऱ्हाईक थेट त्यांच्या दारात. पण दिवाळीत जयसिंगने समोरच काचेच्या दाराचं नवं दुकान टाकलं होतं. सहा महिने आपलं शटर खाली राहिलं, तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार आणि पुन्हा अलीकडे येणार नाही, या भीतीने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. हे बायकोला सांगायचं कसं? नातीसाठी विणलेलं पहिलं झबलं पाठवायच्या आतच लहान झालं होतं. दुसऱ्याचीही तीच गत. तिसरं सुयांवर होतं. अशा बाईला ‘नको जायला’ म्हणायची विठ्ठलरावांची छाती नव्हती. तेव्हा बंदूक साहेबाच्या खांद्यावर ठेवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

युक्ती मिळाली होती निषादकडून. हा त्यांचा भाडेकरू, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. जुईली दर रविवारी त्याच्याच कॉम्प्युटरवर दिसायची. “काका, साहेबाला एकच शंका असते,” तो म्हणाला होता. “ही माणसं तिकडेच राहिली तर? तुमचं चालतं दुकान आहे म्हटल्यावर तुम्ही परत येणारच. तेवढं ठासून सांगा.”

विठ्ठलरावांनी ते नीट ऐकून घेतलं आणि नेमकं उलटं सांगायचं ठरवलं.

“बघायचं काय त्यात,” ते आता खिडकीत म्हणाले. “दुकान वाढवलं म्या.”

मुलगी साहेबाकडे वळली, थांबली, परत यांच्याकडे वळली. “वाढवलं म्हणजे?”

हा प्रश्न ध्यानीमनी नव्हता. वाढवलं म्हणजे वाढवलं. रोज शटर ओढताना ते हेच म्हणत, त्यांचे वडीलही फळ्या लावताना हेच म्हणत. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं, दुकान मिटलं तरी वाढवलं म्हणायचं. लक्ष्मीच्या जागेला वंगाळ शब्द लावायचा नाही. मुलगी मुंबईची, इंग्रजी शाळेतली. तिच्या घरी कुणी दुकान वाढवलेलं नसणार. तिचा काही दोष नव्हता.

दोनच शब्द बोलायचे होते. बंद केलं. विठ्ठलरावांनी तोंड उघडलं. पहिला शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. खोटं बोलायला त्यांची ना नव्हती. धंद्यात थोडंफार ते बोलावंच लागतं. पण चालत्या दुकानाला आपल्याच तोंडाने ‘बंद’ म्हणायचं? गिऱ्हाइकाने तसं म्हटलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी घसा खाकरला. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं.

“म्हंजे मोठं केलं, पोरी,” शेजारून नलिनीबाई म्हणाल्या. “दोन मानसं ठेवलीत हाताखाली. आमी सहा म्हैनं न्हाई बसलो तरी चालतंय. पर माघारी यायलाच पायजे. एवढं वाढवलेलं टाकून तिकडं कोन ऱ्हातंय?”

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने विठ्ठलरावांकडे कौतुकाने बघितलं.

“हो ना, काका?” मुलीने विचारलं.

विठ्ठलरावांनी मान हलवली. दुसरं काय करणार? साहेब काहीतरी बोलला आणि मुलगी हसली. पासपोर्ट घरपोच येतील, असं तिने सांगितलं.

दोघं एसटीने परत निघाले. पनवेल गेलं, घाट गेला. नलिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि मधूनच आपल्याशी हसत होत्या. ते हसू बघून विठ्ठलरावांना स्वतःची लाज वाटत होती, आणि बायकोचा रागही येत होता. हाताखालची दोन माणसं म्हणे. पुडी बांधायला आजवर एक ठेवला नाही.

उरवड्याला उतरले तेव्हा पाळी सुटली होती. कारखान्यातला वाल्मीक पिशवी घेऊन त्यांच्याच शटरपुढे उभा होता. समोर जयसिंगचे दिवे लागलेले होते.

“काका, दिसभर बंद व्हय? लोक म्हनत्यात आता कायमचंच.”

“बंद न्हाई रं,” विठ्ठलराव खेकसले. “वाढवलं व्हतं.”

“तेच की. म्हटलं येतीलच. म्हनून थांबलो.”

 विठ्ठलरावांनी शटर वर केलं, उदबत्ती लावली, साखर जोखून दिली. वाल्मीक गेला. नलिनीबाई पायरीवर टेकल्या. कोनाड्यातलं विणकाम त्यांनी कधीच हातात घेतलं होतं.

“साहेबापुढं एवढं खोटं बोललीस?” विठ्ठलरावांनी शेवटी विचारलं.

नलिनीबाईंच्या सुया थांबल्या नाहीत.

“खोटं तुमी बोललात,” त्या म्हणाल्या. “म्या निस्तं वाढवून सांगितलं.”