पथ्याचा नववा दिवस

दाराची बेल वाजली तेव्हा तिकीटबाई कोमट पाण्याच्या टबात बसली होती.

सिनेमाच्या तिकीटखिडकीत तिनं एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळे तिला तिकीटबाई म्हणायचे. जन्मभर बसण्याचा पगार घेतलेल्या या बाईला आता टबाबाहेर कुठं बूड टेकवायची सोय राहिली नव्हती. नको तिथं चीर पडली होती. सकाळचा कार्यक्रम उरकला की पुढं चार तास काचेच्या चुऱ्यावर बसल्यासारखं व्हायचं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. हिला जावई नव्हता, तेवढंच नशीब.

पथ्य लावून दिलं होतं शेजारच्या रिटायर नर्सनं. दिवसातून तीनदा टब. झोपताना इसबगोल. भिजवलेले अंजीर, कोंड्याचा पाव, पालेभाज्या, आणि पाणी इतकं की पोटात गुळगुळ ऐकू यावं. मिरचीकडे बघायचंसुद्धा नाही. पंधरा दिवसांत बसायला लागशील, नाही लागलीस तर मी कानाला धरून डॉक्टरकडे नेईन, असा दमही तिनं भरला होता.

पंधरा दिवस पुष्कळ होते. सोळाव्या दिवशी मुलाचं जहाज बंदराला लागायचं होतं, दीड वर्षानं. त्याच्यासमोर बसून त्याला जेवताना बघायचं, एवढ्यासाठी तिनं इतक्या पपया रिचवल्या की फळवाल्यानं विचारलं, बाई, घरात हत्ती पाळलाय का? लहान आहे अजून, असं सांगून ती मोकळी झाली.

आणि जहाज लागलं नवव्या दिवशी.

अंग पुसून, कपडे सारखे करून तिनं दार उघडलं. मुलगा उभा होता, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. मधलं एक बंदर गाळलं म्हणून लवकर आलो, म्हणाला. संध्याकाळी जहाज सुटायचं होतं. हातात जेमतेम तीन तास.

तिनं लगेच पान वाढलं. तो जहाजावर स्वयंपाकी, रोज चाळीस माणसांना जेवू घालणारा. पहिला घास घेतला आणि त्यानं मान वर केली. दुधी होता, नुसता उकडलेला. आईच्या हातचं जहाल तिखट खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढायचं, याची दीड वर्ष स्वप्नं पाहिली होती त्यानं. पण त्यानं दुसरा घास घेतला.

“आई, बस की जरा,” थोड्या वेळानं तो म्हणाला.

खुर्चीला ताजा रंग दिलाय, असं तिनं सांगितलं. त्यानं बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं. मग ती म्हणाली, उभं राहिलं की आयुष्य वाढतं. आमच्या थिएटरातल्या डोअरकीपरची एक मावशी होती, ती चाळीस वर्षं बसलीच नाही. झोपायचीही उभ्यानं. एकशे बारा वर्षं जगली आणि गेली तीसुद्धा उभ्यानंच. दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता, बायका येऊन तिच्याशी बोलून जायच्या.

लहानपणी असलं ऐकून तो गडाबडा लोळायचा. आज हसला नाही.

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती आपल्या पोराला ओळखून होती. कळलं तर हा ताट तसंच टाकून तिला दवाखान्यात नेणार. तिथली रांग तिनं पाहिली होती. दीड वर्षातले हे तीन तास नंबर पुकारायची वाट बघण्यात जाणार, तेही लोखंडी बाकावर. त्यापेक्षा भिंत बरी. ती भिंतीला टेकली. या पायावरून त्या पायावर भार घेत त्याला डोळे भरून बघत राहिली.

तो मात्र वेगळंच बघत होता. बेचव जेवण, आणि जवळ न बसणारी आई. गेल्या महिन्यात त्यानं फोनवर सांगितलं होतं, आणखी दीड वर्षाच्या करारावर सही केली. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली होती. त्यानं दोन आणि दोन चार केले.

ताट स्वतःच धुऊन त्यानं पालथं घातलं. अजून दोन तास हातात होते, तरी पिशवी खांद्याला लावली.

“मनातून राग जात नसेल तर राहू दे,” तो म्हणाला. “पण माझ्यासमोर बसायचंही नाही, एवढं काय केलं गं मी?”

तिकीटबाईनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

तिच्या डोळ्यांपुढं सिनेमाचे सगळे दिवे एकदम लागले. तोंड उघडलं असतं तर गल्ली गोळा झाली असती. तिनं ते मिटून घेतलं, पण डोळे काही ऐकेनात. गालावरून घळाघळा धार लागली.

त्यानं आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं. थापा मारताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं, रडताना नाही. पिशवी कुठं ठेवली हेही त्याला कळलं नाही. दुसरी खुर्ची घेऊन तो तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. तिचा हात हातात घेतला. तळवा घामानं ओला होता.

“रडू नकोस ना,” तो म्हणाला. “आत्ता नाही जात. बसतो अजून तासभर.”

दुसऱ्या हातानं तिनं खुर्चीची कड घट्ट धरली.

“तासानं काय होतंय,” ती म्हणाली. “दोन तास बस.”